गिरणीवाल्याचा की वकिलाचा

कांद्याची चाळ फोडली की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. श्रावण निम्मा सरलेला असतो, ऊन मधूनच पडतं आणि मधूनच विझतं, आणि बसथांब्यापासून वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो वास अंगावर येतो. थोडा गोडसर, थोडा कुबट, टिकलेल्याचा आणि सडलेल्याचा एकत्रच. चैत्रात काढून, वाळवून चाळीत भरलेला कांदा चार महिन्यांनी उजेडात येतो. त्यातला किती जगला आणि किती आतल्या आत गेला, ते या दिवसांत कळतं. शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब लागतो तो आत्ता. माझा तर कांद्याशी काडीचा संबंध नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरामागे एक कढीपत्ता आणि दोन शेवगे, एवढीच माझी शेती. तरी यंदाही पारनेरच्या बाजूला चाळी फुटायला लागल्या आणि माझे पाय आपसूक भानुदासच्या वस्तीकडे वळले.

माझा मित्र भानुदास आता नाही. येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील. चाळ त्याचा मुलगा बघतो, निवडायला सुमनवहिनी आणि शेजारच्या चार बायका बसतात. मला बघून वहिनी गोणपाटाची घडी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बसा भाऊजी, च्या ठिवते." मी बसतो. कुणी काही विचारत नाही. चाळीच्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या कांद्यांच्या ढिगावर पडलेल्या असतात आणि मला दोन वर्षांपूर्वीचा तो सगळा हंगाम तोंडपाठ धड्यासारखा आठवत राहतो. त्या हंगामात माझ्या मित्राची वाचा गेली होती आणि ती परत आणायची म्हणून मी रोज त्याच्याशी खोटं बोलत होतो.

पण आधी पाहुण्याबद्दल सांगायला हवं.

पाहुणा म्हणजे आमचा नट. त्याचं खरं नाव आम्ही कधी घेतलं नाही, इथेही घेत नाही. लग्न कुणाचंही असो, मांडवात एक पाहुणा असा असतो की त्याला कुणी बोलावलं हे ना मुलाकडच्यांना ठाऊक ना मुलीकडच्यांना, पण हा आपला पहिल्या पंगतीला. तसा हा नट. सिनेमा मराठी असो की हिंदी, नायक कुणीही असो, मध्यंतराच्या आत कुठेतरी दार उघडून हा येणारच. कधी फौजदार, कधी डॉक्टर, कधी नायिकेचा बाप, कधी देवळातला पुजारी, कधी नुसताच बाजूला उभा राहून मान हलवणारा मुनीम. एकदा तर नगरच्या दोन थेटरांत हा एकाच आठवड्यात होता. एकीकडे खून करत होता आणि दुसरीकडे खुनाच्या तपासाला निघाला होता. आपण किती सिनेमे केले हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आम्ही मात्र एकही सोडला नाही.

याचं कारण कांदा. भानुदास कांदा घेऊन नगरच्या मार्केटला जायचा, आणि लिलाव दुपारच्या आत उरकायचा. मग गावी परतायच्या आधी दुपारचा खेळ. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकून एसटीने नगर गाठायचो. (बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो.) थेटरात आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या व्हायच्या, कारण भानुदासच्या अंगाला कांद्याचा वास आणि माझ्या अंगाला त्याच्या शेजारी बसल्याचा. सिनेमा सुटला की रिकाम्या टेम्पोत गोणपाटांवर बसून परतायचं आणि नगरपासून गावापर्यंत कडाकडा भांडायचं. पाहुण्याने आज कसं केलं, यावर. नायकाचं नावसुद्धा निघायचं नाही.

भानुदासची प्रतवारी कांद्याचीच होती. एक नंबर, गोल्टी, जोड आणि बदला. एक नंबर म्हणजे एक नंबर. गोल्टी म्हणजे लहान पण निकोप. दोन मिनिटांची भूमिका, पण चोख. जोड म्हणजे एका सालीत दोन कांदे. मध्यंतरापर्यंत चांगला आणि पुढे वाट लागलेली. आणि बदला म्हणजे गेलेला माल, बाजूला काढा. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाने केलेली ही समीक्षा मला तेव्हा हास्यास्पद वाटायची. मी शिकलेला. मी 'व्यक्तिरेखा', 'संवादफेक' वगैरे शब्द वापरायचो. भानुदास ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तू मास्तर नुसता वरचा पापुद्रा बघतो. मान दाबून बघत न्हाई."

कांदा वरून लालबुंद दिसतो, पण मानेपाशी अंगठ्याने दाबला की आतलं खरं कळतं. मान मऊ लागली तर कांदा गेला. भानुदासचं म्हणणं, नटाचंही तसंच. तो बोलत असतो तेव्हा त्याच्याकडे बघायचं नाही. दुसरा बोलत असतो आणि हा नुसता उभा असतो, तेव्हा बघायचं. "बोलताना काय, कुनीबी भारी वाटतं," तो म्हणायचा, आणि माझ्याकडे बघून हसायचा. शाळेत तीस-पस्तीस वर्षं बोलण्याचीच भाकरी खाल्लेल्या माणसाला ते झोंबायचं.

आमचं मुख्य भांडण एकच. पाहुण्याचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता? मी म्हणायचो, वकिलाचा. त्यात पाहुणा म्हाताऱ्या वकिलाचं काम करतो आणि शेवटी कोर्टात उभं राहून असं बोलतो की न्यायाधीश चष्मा पुसतो. ते भाषण मला पाठ होतं. स्नेहसंमेलनात मी ते एकदा म्हणूनही दाखवलं होतं. भानुदास त्याला कीर्तन म्हणायचा. त्याच्या मते सगळ्यात चांगला गिरणीवाल्याचा. खेड्यातला पिठाची गिरणी चालवणारा बाप, दोनच प्रसंग, वाक्यं मोजून तीन-चार. मुलगी घर सोडून निघालेली असते आणि हा गिरणीच्या दारात उभा असतो. पट्टा फिरत असतो, दळण पडत असतं. संपलं.

"यात अभिनय कुठंय?" मी विचारायचो.

"त्यो गिरन बंद करत न्हाई, बघ," भानुदास म्हणायचा. "दुसऱ्याचं दळन हाय म्हनून बंद करत न्हाई. लेक चालली तरी बंद करत न्हाई. आता सांग."

"दिग्दर्शकाने सांगितलं असेल बंद करू नको."

"मग तुज्या वकिलाला काय त्याच्या आज्यानं सांगितलं का बोल म्हनून?"

टेम्पोचा ड्रायव्हर मागे वळून बघायचा. पाऊस असेल तर ताडपत्रीखाली आमची डोकी एकमेकांना लागायची आणि भांडण आणखी जवळून व्हायचं. काळ गेला, नगरची थेटरं एकेक करून बंद पडली, त्यांच्या जागी मंगल कार्यालयं झाली, सिनेमे मोबाईलवर आले. आमच्या डोक्यावरचे केस गेले. भांडण मात्र जिथल्या तिथे.

सगळ्यात वाईट कोणता, यावर तेवढं आमचं एकमत होतं. कॉलेजकुमाराचा. पन्नाशीला टेकलेल्या पाहुण्याने त्यात डोक्यावर केसांचा टोप चढवून, काखेत वह्या मारून कॉलेजात नाव घातलं होतं. शेताच्या बांधावरून तो त्याच्या लेकीच्या वयाच्या नायिकेमागे गाणं म्हणत धावतो, आणि ओढा ओलांडायला वाकला की टोप कपाळावर येतो. भानुदास भर थेटरात उभा राहून ओरडला होता, "आरं बाबा, तुज्या लेकीचं लगीन झालं आसंल की! घरी जा!" सगळं थेटर हसलं. परत येताना टेम्पोत दोघेही गप्प होतो, कारण भांडायला काहीच नव्हतं. "बदला," तो म्हणाला. "बदला," मीही म्हणालो. इतक्या वर्षांत आम्ही एका सुरात बोललो ते एवढंच.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात मी निवृत्त झालो. भानुदास म्हणाला होता, आता रजेची कटकट गेली, आता बसू रोज. आषाढात त्याला लकवा मारला. सकाळी गोठ्यात गेला आणि तिथेच बसला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. नगरच्या दवाखान्यात वीस दिवस काढून परत आणला तेव्हा पाय थोडा ओढत का होईना पडत होता. हात लोंबत होता. तोंडातून फक्त हवा यायची. ऐकलेलं सगळं कळत होतं. डोळ्यांत दिसायचं, कळतंय. पण शब्द म्हणून काही नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. तरुण मुलगी, पण शांत. तिने वहिनींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना पाणी हवं का, जेवण हवं का, असं विचारत बसू नका. त्याला ते मान हलवतील. जे ऐकून त्यांना गप्प राहवणारच नाही, असं काहीतरी रोज काढा."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "मग ते भाऊजीच करू जाने," त्या म्हणाल्या. "भाऊजींचं ऐकून ते आजवर कधी गप्प ऱ्हायले न्हाईत."

परतीच्या एसटीत मला ती युक्ती सुचली. वकिलाच्या सिनेमाचं जुनं भांडण काढून उपयोग नव्हता, त्याची त्याला सवय होती. काहीतरी असं हवं होतं की ज्याने हा माणूस अंथरुणातून ताडकन उठेल. मी ठरवलं, उद्यापासून कॉलेजकुमाराचा सिनेमा हा पाहुण्याचा सगळ्यात चांगला सिनेमा.

चाळ नुकतीच फुटली होती. मुलाने भानुदाससाठी प्लास्टिकची खुर्ची चाळीत मांडली होती आणि डाव्या बाजूला कांद्यांचं घमेलं. बसल्या बसल्या तो डाव्या हाताने निवडायचा. मी समोर गोणपाटावर बसलो आणि म्हणालो, "भान्या, निवृत्त झाल्यावर बराच विचार केला. आपलं चुकलं. कॉलेजकुमाराचाच एक नंबर."

त्याने मान वर केली. मी शपथेवर सांगतो, इतका तुच्छतेचा कटाक्ष मी माझ्या अख्ख्या नोकरीत साहेबांकडूनसुद्धा खाल्ला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी आणखी जोरात सुरू केलं. टोप घालायलाही धाडस लागतं म्हणालो. ओढा ओलांडताना टोप सरकतो तो चुकून नाही, मुद्दाम सरकवलाय म्हणालो. म्हातारपणाशी झुंज आहे ती, म्हणालो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. भानुदासच्या गळ्याची शीर फुगली. ओठ हलले. "न्... न्..." असं काहीतरी आलं आणि तिथेच अडलं.

तो श्रावण मी असाच काढला. दुपारी जेवून निघायचं, वस्तीवर पोहोचायचं, चहा घ्यायचा आणि खोटं बोलायला बसायचं. रोज नवा मुद्दा लागायचा. मी घरी वहीत मुद्दे काढून जायचो, पाठाचं टाचण काढावं तसे. वहिनी दारातच विचारायच्या, "आज काय काढलंय भाऊजी? आज लई चिडवा. रातच्याला नीट जेवले बगा, राग आला म्हंजी जेवत्यात." त्या बाईने पाहुण्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. आम्ही नगरला सिनेमे बघत होतो तेव्हा ती इथे धारा काढत होती. पण कोणता सिनेमा चांगला आणि कोणता वाईट हे तिला आमच्या भांडणातून सगळं ठाऊक होतं.

गंमत अशी की इतकं खोटं बोलता बोलता मला पाहुण्याची कीव यायला लागली. काय वाटलं असेल त्याला तो टोप चढवताना? आरशात दिसत नसेल का? दिसतच असेल. पण कुणी बोलवायचं बंद करेल या भीतीने तो येईल ते काम घेत असेल. घरी बसणं त्याला सोसत नसेल. मी नुकताच घरी बसलो होतो. सकाळी शाळेची घंटा ऐकू आली की पायात चपला सरकवून मग पुन्हा काढायचो. माझ्याही डोक्यावर कुणी टोप ठेवला असता तर मीही धावलो असतो. हे मी भानुदासला सांगितलं नाही. त्याला सांगायला हवं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला कांदा फेकून मारला. मी नायिकेच्या गाण्याची चाल गुणगुणत होतो, आणि डाव्या हाताने नेम धरून त्याने छातीवर हाणला. चांगला एक नंबरचा, वजनदार. बायका, वहिनी, मुलगा, सगळे हसत सुटले. भानुदासही हसला, अर्ध्या तोंडाने. त्या दिवशी मी घरी पोहोचेपर्यंत छाती चोळत होतो आणि मनात म्हणत होतो, आला. आता बोलतो. आठ दिवसांत बोलतो.

त्या आठ दिवसांतच काहीतरी बिनसलं. गणपती बसले, पाऊस धरून राहिला, भानुदासला ताप आला. ताप उतरला, पण त्याच्या आतलं काहीतरी विझल्यासारखं झालं. खुर्चीत बसायचा, निवडायचाही, पण अंगठा मानेवर जायचा नाही. काजळी धरलेला, कोंब आलेला, मऊ पडलेला, कसलाही कांदा उचलून तो एक नंबरच्या ढिगात टाकायचा. आयुष्यभर ज्याचा माल व्यापारी गोणीत हात घालून बघत नसत, तो माणूस. तो आत झोपायला गेला की वहिनी आणि बायका मिळून तो सगळा ढीग पुन्हा निवडायच्या. एकदा तो मधेच परत आला आणि त्याने ते बघितलं. त्याने तोंड फिरवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण गेलो तर आणखी वाईट दिसलं असतं म्हणून बसून राहिलो.

आणि मग ती दुपार. मी नेहमीसारखा टाचण काढून आलो होतो. आवाजात उसनं अवसान आणून म्हणालो, "काहीही म्हण भान्या, कॉलेजकुमारासारखा सिनेमा पाहुण्याने दुसरा केला नाही. एक नंबर."

भानुदासने माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट, स्वच्छ आवाजात म्हणाला, "व्हय."

वहिनींच्या हातातलं सूप खाली पडलं. "बोलले! आवो, बोलले!" त्या धावत घरात गेल्या, साखरेचा डबा आणला, भानुदासच्या जिभेवर साखर ठेवली, बायकांच्या हातावर ठेवली, माझ्या हातावर चांगली मूठभर. मुलाने शेतातून धावत येऊन बापाचे पाय धरले. दहा मिनिटांत वस्तीवरची सगळी माणसं गोळा झाली. जो तो म्हणत होता, गुरुजींनी बोलतं केलं. गुरुजी, तुमचे लई उपकार.

मी साखर मुठीत धरून चाळीच्या मागे गेलो आणि ढसाढसा रडलो. बाकी सगळ्यांना त्याचा शब्द ऐकू आला होता. तो कशाला व्हय म्हणाला, हे माझ्याशिवाय तिथे कुणालाच लागलं नाही. ज्या भानुदासला मी ओळखत होतो तो मेला असता, पण त्या सिनेमाला व्हय म्हणाला नसता. तो दमला होता. त्याने भांडण सोडून दिलं होतं, आणि आमच्यात भांडणाशिवाय दुसरं होतं काय!

दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी आधी म्हणालो, "भान्या, मी दीड महिना खोटं बोलतोय. कॉलेजकुमाराचा बदला आहे." तो म्हणाला, "व्हय." मी म्हणालो, "वकिलाचाच एक नंबर ना?" "व्हय." मग माझं डोकं फिरलं. मला काहीही करून त्याचं एक 'न्हाई' हवं होतं. मी वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "मग गिरणीवाल्याचा भिकार. आयुष्यभर तू एका भिकार सिनेमासाठी भांडत आलास. बोल, भिकार होता का नाही?"

"व्हय," भानुदास म्हणाला. आणि त्याचे डोळे भरून आले.

मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या की असं होतं. पुष्कळदा एकच शब्द परत येतो आणि मग प्रत्येक गोष्टीला तोच बाहेर पडतो. आत माणसाच्या मनात काय आहे त्याच्याशी त्या शब्दाचा संबंध असेलच असं नाही. म्हणजे भानुदास कदाचित आतून गळा फाडून न्हाई, न्हाई ओरडत होता. मी त्याच्या तोंडातून पडणारा शब्द तेवढा ऐकत होतो. मान दाबून बघ, असं तो मला टेम्पोत बसून वर्षानुवर्षं सांगत आला, आणि माझ्यासमोर तो स्वतः बिनसंवादाचा बसला तेव्हा मला त्याचा चेहरा वाचता आला नाही. मला शब्दच हवा होता. शब्दाच्या मागे लागून मी त्याला रडवलं.

मी माफी मागितली. त्याने डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यानंतर मी रोज गेलो, पण सिनेमाचं नाव काढलं नाही. पावसाचं बोललो, शाळेचं बोललो. तो प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणत राहिला. दसऱ्यानंतर त्याला दुसरा झटका आला आणि दिवाळीच्या चार दिवस आधी तो गेला. पणत्या आणून ठेवलेल्या होत्या. वहिनींनी त्या तशाच कागदात गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

पाहुणा अजून आहे. परवा मोबाईलवर कसल्या तरी गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत दिसला. पार थकलाय, पण हसतो तसाच. बघता बघता माझ्या तोंडून "गोल्टी" असं निघून गेलं, आणि घरात कुणी नव्हतं.

यंदा चाळ फुटल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. बायका जेवायला गेल्या होत्या. वहिनी आणि मी दोघंच ढिगाशी बसलो होतो. आताशा मीही निवडतो. माझा अंगठा अजून तयार झालेला नाही, चार कांद्यांत एक चुकतो आणि वहिनी न बोलता तो उचलून बाजूला ठेवतात. भरलेलं घमेलं बाजूला सारून त्यांनी दुसरं पुढे ओढलं. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू का?"

"विचारा की."

"त्यो गिरनीवाल्याचा शिनेमा. ते येवढं भांडायचे त्याच्यापायी. खरं सांगा, चांगला हुता का वो?"

एवढ्या वर्षांत हे मला सरळ कुणी विचारलंच नव्हतं. मी हातातल्या कांद्याची मान दाबून बघितली. वकिलाचं भाषण मला पाठ होतं, हे खरं. पण थेटरातून बाहेर पडताना मला दुसरंच दिसत राहिलं होतं. गिरणीच्या दारात उभा असलेला तो पीठभरला माणूस, त्याची मान मुलीकडे वळलेली आणि हात मात्र दुसऱ्याच्या दळणावर. भानुदास टेम्पोत चढायच्या आधीच मला कळलं होतं की याच्यापुढे वकील काहीच नाही. पण भानुदासने आधी तोंड उघडलं आणि माझ्या आधी त्याने ते म्हटलं. मग मी वकिलाचं काढलं. तेव्हा ते नुसतं त्याला डिवचायला होतं. पुढच्या वेळी सवयीने. आणि त्याच्या पुढच्या वेळी, खरं सांगायचं तर, भीतीने. त्याचं म्हणणं मान्य केलं आणि हा वाद मिटला, तर एका कांदेवाल्याला आणि एका मास्तरला नगरपासून गावापर्यंत बोलायला दुसरं काय आहे, याची भीती.

"चांगला होता वहिनी," मी म्हणालो. "सगळ्यात चांगला तोच होता."

"तुमाला आधीपास्नं वाटत हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

वहिनींनी हातातला कांदा खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग येकदा म्हनायचं की वो भाऊजी, व्हय म्हनून. नगरहून आलं का हातपाय धुता धुता दरयेळी सांगायचे मला, आज बी मास्तर व्हय म्हनला न्हाई."